पॉइंट कधी हलवायचे

क्रेडिट कार्डावर साठलेले पॉइंट विमान कंपनीकडे कधी वळवावेत, हे अकोल्यात कोणाला विचारावं ते मला त्या वर्षी कळत नव्हतं. बँकेत विचारलं, तर टेबलापलीकडच्या माणसाने माझ्याच हातातलं पत्रक मागून घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. मी ते तीनदा वाचून गेले होते. तो पहिल्यांदाच वाचतोय हे त्याच्या कपाळावर दिसत होतं. मी पत्रक परत घेतलं आणि घरी आले.

मला याद्या करायची सवय आहे. त्या दिवशीही केली. पानाच्या डाव्या बाजूला 'आत्ताच टाकायचे', उजव्या बाजूला 'थांबायचं'. दोन्हीकडे सारखीच कारणं झाली. त्यातली निम्मी कारणं म्हणजे नुसता संशय होता, हे मला तेव्हाही दिसत होतं. पण संशय यादीतून खोडावा असं त्या वर्षांत आमच्याकडे काही घडत नव्हतं.

पॉइंट म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. कार्डावर खर्च केला की बँक आपल्या नावावर पॉइंट जमा करते. त्याच्या बदल्यात कॅटलॉगमधली इस्त्री, डिनर सेट नाहीतर सुटकेस घेता येते. किंवा ते विमान कंपनीच्या सभासद योजनेत वळवता येतात. तिथे त्यांचे मैल होतात, आणि पुरेसे मैल असले की तिकीट मिळतं. एकदा वळवले की परत बँकेत येत नाहीत. पत्रकात हे वाक्य सगळ्यात बारीक अक्षरात होतं, म्हणून मी त्याच्याखाली लाल रेघ मारली होती.

आमचं अकोल्याला कृषी केंद्र आहे. बियाणं, फवारणीची औषधं आणि ठिबकचं सामान. यजमान काउंटर सांभाळतात, मी मागच्या खोलीतलं ऑफिस. कार्ड विकायला बँकेचा एजंट आला तेव्हा त्याला मी दीड महिना फिरवलं आणि मगच सही केली. जीपचं डिझेल, फोनची बिलं, विम्याचे हप्ते, पुण्याहून येणारं ठिबकचं सामान, सगळं त्या कार्डावर टाकायचं आणि बिल शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी भरून मोकळं व्हायचं, असा माझा नियम. पाच वर्षांत त्यावर त्रेपन्न हजार पॉइंट झाले. मी कॅटलॉगमधलं काहीही मागवलं नाही. जी इस्त्री फुकट मिळते ती कशी निघत असेल, याची मला दुकानात बसून पूर्ण कल्पना होती.

कारण आमचा धंदाच स्कीमचा. पन्नास पेट्या उचला, मिक्सर घ्या. दोनशे उचला, बँकॉकला चला. एका वर्षी असंच बँकॉक जाहीर झालं, आम्ही पेट्या उचलल्या, आणि सीझन संपल्यावर बँकॉकचं महाबळेश्वर झालं, तेही एकट्या मालकासाठी. यजमान गेले नाहीत. कापसाचे भाव पडलेले, पावसाने दोन-दोन वेळा पेरायला लावलेलं, पेपर उघडायची भीती वाटावी अशी ती वर्षं होती. त्याच वर्षांत कंपन्यांच्या स्कीमा सगळ्यात मोठ्या झाल्या. विक्री जितकी खाली, तितकं बक्षीस वर. तेव्हापासून कोणी मला मोठं बक्षीस दाखवलं की पहिला प्रश्न मनात येतो, याचा कोणता माल पडून आहे?

या सगळ्यातून आम्ही दुकानदारांनी एक नियम शिकून ठेवला होता. टार्गेट पूर्ण झालं की त्याच दिवशी उचल करायची. हातातलं कूपन म्हणजे माल नव्हे. गोदामात पडला तो माल. वाट पाहिली की स्कीम बदलते.

हा नियम आमच्या धंद्यात कधी चुकला नाही. मला तो विमानाच्या बाबतीत नडला.

माझी मोठी बहीण अमरावतीला राहते. मोर्शीच्या बाजूला त्यांची संत्र्याची बाग होती. दोन वर्षांत बोअर आटले, झाडं शेंड्यापासून वाळत आली आणि शेवटी त्यांनी बाग तोडली. लाकूड अमरावतीच्या वखारीत गेलं. ताईची एकुलती एक मुलगी, माझी भाची, लग्न करून मस्कतला गेलेली. तिला दिवस गेले. आधीचं एक पाचव्या महिन्यात गेलं होतं, म्हणून डॉक्टरांनी विमानात बसायला साफ मनाई केली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर इथे माहेरच उचलून मस्कतला न्यायची वेळ आली. तारीख फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातली होती. जावई दिवसभर साइटवर, घरात दुसरं कोणी नाही. भाची फोनवर नीट बोलायची आणि ठेवताना रडायची. ताईला तिथे वेळेआधी पोचायचंच होतं, आणि बाग गेल्यावर तिच्या घरात विमानाच्या तिकिटाचा विषय कोणी काढत नव्हतं.

मी काढला. दिवाळीच्या आधी अमरावतीला गेले होते तेव्हा.

"तिकिटाचं मी पाह्यन," मी म्हटलं.

"पैशाचं नाव काढशीन तर उठून जाईन मी इथून," ताई म्हणाली.

"तुह्यंच घर हाये हे. उठून कुठी जाशीन?"

"जाईन कुठीही. तुले काय करा लागते?"

त्या वर्षांत तिच्या दारात पुष्कळ लोक येऊन गेले होते. बागेचा पंचनामा करणारे, वाळल्या झाडाजवळ उभं करून फोटो काढणारे, फॉर्म भरून घेणारे. तिने तीनदा सह्या केल्या, दोनदा फोटोत उभी राहिली आणि हातात काही आलं नाही. शेवटच्या माणसाला तिने फाटकातूनच परत पाठवलं. मदत या शब्दाला ती आता साप दिसावा तशी बिचकायची. सख्ख्या बहिणीचीही नको होती.

म्हणून मी पॉइंटांचं सांगितलं. पैसे नाहीत, पॉइंट आहेत. पडून आहेत. बँक देते.

"फुकट?" तिने विचारलं.

"फुकट."

"फुकट कोन देते वं? बँक काय तुही मावशी लागते?"

मी तिला समजावलं. खर्च केला की जमा होतात, आपण मागितलेले नसतात, नाही वापरले तर वाया जातात. तिने सगळं ऐकून घेतलं.

"पाह्यन मी," ती म्हणाली. "पन मले खोटं सांगून राहिली असशीन ना, तर मस्कतहून परत आल्यावर तुह्या दारात पाय नाही ठेवन."

म्हणजे जायला तयार झाली. मी अकोल्याला परत येताना बसमध्येच वहीत लिहून घेतलं: पासपोर्ट, व्हिसा, तारीख, पॉइंट.

दिवाळीनंतर आठ दिवसांत बँकेचं पत्र आलं. आत्तापर्यंत एका पॉइंटचा एक मैल होत असे. पुढच्या महिन्यापासून तीन पॉइंटांचे दोनच मैल होतील, आमच्या मानाच्या ग्राहकांना ही पूर्वसूचना. मी पत्र यजमानांना दाखवलं. त्यांनी ते उभ्याउभ्याच वाचलं.

"अवं, उचलून टाक. आजच्या आज. काय पाहून राहिली?"

"व्हिसा नाही आला अजून. तारीख नक्की नाही."

"तारीख गेली खड्ड्यात. महाबळेश्वर विसरली काय? याईचं आज तीनाचे दोन, उद्या पाचाचे दोन. आपल्या गोदामात येऊ दे पयले."

त्यांचं म्हणणं मला पटत होतं, म्हणूनच मला शंका आली. माणसाला घाई करायला लावणारं पत्र आम्हीही शेतकऱ्यांना पाठवतो. 'साठा मर्यादित' असं आमच्या फलकावर बाराही महिने लिहिलेलं असतं.

मग मी स्टेशन रोडच्या ट्रॅव्हलवाल्यांकडे गेले. साठीचे गृहस्थ, त्यांच्या वडलांपासूनचा धंदा. उमरा-हजची आणि आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्यांची तिकिटं तेच काढत. दुकानात भिंतभर विमान कंपन्यांची कॅलेंडरं. मला भाभी म्हणत, कारण त्यांच्या भावाच्या शेतात आमचं ठिबक होतं. मी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं.

"भाभी, पॉइंट टाकले म्हंजे सीट भेटत नाही," ते म्हणाले. "त्याईची सीट अलग असते. पूऱ्या विमानात दोन-चार. त्या भरल्या का खतम. तुमी पयले सीट पाहा, दिखली तरच पॉइंट हालवा."

"अन् तोपर्यंत भाव पडला तर?"

"पडू द्या ना. थोडे जादा जातीन. पन अडकणार तर नाहीत."

मी त्यांना सरळच विचारलं, "तुमचं काय जाते असं सांगाले? माह्ये पॉइंट बँकेत राहिले, तर तिकीट मले तुमच्याकडूनच घ्या लागन."

ते खो-खो हसले. "घ्या ना भाभी, नाही कोन म्हनते! चहा बी पाजीन वरतून. पन बात खरी सांगून राहिलो."

चहा खरंच आला. मी तो पिऊन घरी आले आणि यादीत त्यांच्या नावापुढे लिहिलं: फायदा असलेला माणूस.

इथे मी माझी चूक लिहून ठेवते. यजमान म्हणत होते सगळे टाक, ट्रॅव्हलवाले म्हणत होते एकही टाकू नको, आणि माझा दोघांवर आणि बँकेवर सारखाच अविश्वास होता. दुकानात आम्ही कधी एकाच कंपनीचा माल भरत नाही. तसंच केलं. मुंबईहून मस्कतला रोज विमान असलेली एक मोठी कंपनी निवडली, जाण्या-येण्याच्या तिकिटाला तिचे पंचवीस हजार मैल लागत होते, म्हणून सव्वीस हजार पॉइंट महिना संपायच्या आत तिकडे टाकले. सत्तावीस हजार कार्डावर ठेवले. आठवड्याने मैल जमा झाल्याचा कागद आला. तो फाइलला लावताना मला वाटलं, चला, माल गोदामात आला.

तो माल नव्हताच. बँकेचं कूपन देऊन मी विमान कंपनीचं कूपन घेतलं होतं. माल म्हणजे सीट, आणि सीट मी पाहिलेलीही नव्हती. विमान धंद्यातलं मला काही येत नव्हतं म्हणून चुकलं असं नाही. आपल्या धंद्यातलं जरा जास्तच येत होतं.

जानेवारीच्या मध्यावर व्हिसा आला. त्याच सकाळी मी कंपनीला फोन लावला. बाईंचा आवाज फार गोड होता, तिथेच मी सावध झाले. फेब्रुवारीत मैलांवरची एकही सीट नाही. एका बाजूची तरी? नाही. आठवड्यातला कोणताही दिवस चालेल. नाही मॅडम. मग कधी आहे? मार्चच्या शेवटच्या आठवड्यात.

"विमानात जागा नाही का?" मी विचारलं.

"जागा आहे ना मॅडम. पैसे भरून केव्हाही मिळेल."

"मग मैल परत बँकेत टाका."

"ते होत नाही मॅडम." आणि एवढ्याच गोडीने, "आणखी काही मदत करू शकते का?"

मी फोन ठेवला. यजमान दारात उभे होते, त्यांनी एका बाजूचं सगळं ऐकलं होतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली.

"चुकलं आपलं," ते म्हणाले. "मीच घाई केली."

"तुमी सांगितलं. टाकले मी."

मार्चच्या शेवटी ताई जाऊन काय करणार होती? बारशालाही उशीर झाला असता. मला त्या दिवशी पॉइंटांचं दुःख नव्हतं. फोनवर रडणारी भाची आणि फाटक लावून घेणारी ताई, या दोघींच्या मध्ये मी एक शब्द देऊन बसले होते आणि तो मला पुरा करता येईल की नाही ते दिसत नव्हतं. तिकीट विकत घेण्याएवढी आमची ऐपत नव्हती असं नाही. पण ते ताईने घेतलं नसतं. मी खोटं बोलून दिलं असतं तर तिने कसं तरी शोधून काढलं असतं, हे मी तिच्याबरोबर एका खोलीत वाढल्यामुळे खात्रीने सांगू शकत होते.

मी पुन्हा स्टेशन रोडला गेले. ट्रॅव्हलवाल्यांनी माझा चेहरा पाहिला आणि 'मी म्हणत होतो ना' असं काही म्हटलं नाही. त्यासाठी मी त्यांची आजही आभारी आहे. त्यांनी कॉम्प्युटरवर बराच वेळ खटपट केली, मुंबईला कोणा भाच्याला फोन लावला, आणि एका दुसऱ्या कंपनीचं नाव कागदावर लिहून दिलं. तिचं विमान आठवड्यातून दोनदाच होतं, पण मैल कमी लागत आणि सीटा सहसा उरत.

"याईच्यात साडेसतरा हजार लागते. पन भाभी, पयले फोन. सीट हाये म्हनतीन तवाच बँकेले सांगा."

कार्डावरचे सत्तावीस हजार नव्या भावाने अठरा हजार होत होते. पुरत होते, जेमतेम. मी तिथूनच फोन लावला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी, मैलांवरच्या चार सीटा होत्या. परतीची एप्रिलमध्येही होती. राखून ठेवता येईल का? नाही, मैल खात्यात आल्याशिवाय नाही. मैल यायला किती दिवस? ते तुमच्या बँकेला विचारा. बँकेला विचारलं. पाच ते सात कामाचे दिवस. मध्ये शनिवार, रविवार आणि सव्वीस जानेवारी.

या वेळी मी यादी केली नाही. करण्यासारखं काही नव्हतं. तिथल्या तिथे पॉइंट हलवले.

दुसऱ्या दिवशी ताई अमरावतीहून बसने आली. मी तिला बोलावलं नव्हतं. हातात एक पिशवी, पिशवीत चार साड्या. म्हणाली, जोपर्यंत हे तिकीट कागदावर दिसत नाही तोपर्यंत मी इथेच राहीन. रोज सकाळी दहाला मी फोन लावायची आणि ती शेजारच्या खुर्चीवर मांडीत पर्स घेऊन बसायची. पहिल्या दिवशी चार सीटा. मग दोन दिवस चारच. सोमवारी तीन. झेंडावंदनाच्या दिवशी बँक बंद, विमान कंपनी चालू, सीटा तीन. त्यानंतर दोन.

"दोनच राहिल्या म्हनते," मी ताईला सांगितलं.

"खरं कशावरून?"

'शेवटचे दोनच राहिले' हे वाक्य आमच्या काउंटरवर रोज पाच वेळा म्हटलं जातं, आणि मागे गोदामात वीस असतात. पण इथे मला मागचं गोदाम दिसत नव्हतं. मी त्या दिवशी बँकेला तीन फोन केले. तिसऱ्या वेळेला तिथल्या माणसाने मला नाव न विचारताच ओळखलं.

शुक्रवारी दहा वाजता मैल आले होते. मी खात्री करायला आकडा दोनदा वदवून घेतला. सीटा?

"दो हैं मॅडम. बुक कर दूँ?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात ताईने माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. अक्षरशः काढून घेतला.

"हां भाऊ, एक बात पूछना था," ती आमच्या वऱ्हाडी हिंदीत म्हणाली. "ये पॉइंट मेरी बहन ने पैसा देके लिया क्या?"

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. मी तिच्या पदराला धरून ओढत होते. "ताई, सीट जाईन! दोनच हायेत!"

तिने मला कोपराने बाजूला केलं. "नहीं, मेरे को वैसा नहीं पूछना. खरीदा क्या, सच्ची बताओ. झूठ बोलने में वो बचपन से हुशार है."

यजमान काउंटर सोडून आत आले आणि दोघींकडे बघत राहिले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मला पळताना दिसत होता. कोण जाणे, त्या क्षणी कोणी कुठे बसून त्याच दोन सीटा घेत असेल.

ताई ऐकत होती. मग तिने मान डोलावली. "अच्छा. अच्छा. खरीदती तो अलग लिखा आता? अच्छा. बेटा, तुम्हारा गाव कौनसा?"

"ताई!"

"हं, घे." तिने रिसीव्हर माझ्याकडे दिला. "कार्डावरूनच आले म्हनते. मानूस खरा वाटते. कानपूरचा हाये."

कानपूरच्या त्या माणसाने हसू दाबत मला विचारलं, नाव पासपोर्टवर जसं आहे तसं सांगा. मी अक्षर अक्षर सांगितलं. त्याने थांबायला लावलं. संगीत वाजायला लागलं, आणि ते इतका वेळ वाजलं की मला वाटलं दोन्ही गेल्या. मग तो परत आला आणि म्हणाला, जाण्याची झाली, येण्याची झाली, टॅक्स कार्डावर घेऊ का? टॅक्स म्हटल्याबरोबर ताईने माझ्याकडे पाहिलं. मी तिला सांगितलं की तेवढा लागतोच, तो पॉइंटात येत नाही. तिने पर्स उघडली, तेवढे पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "हे माह्ये. याच्यात बोलायचं नाही." मी फोनवर हो म्हटलं.

तिकीट दुपारी ट्रॅव्हलवाल्यांच्या प्रिंटरवर छापलं. ताईने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, मागची बाजू कोरी का, तेही विचारलं.

तिला पोचवायला मी मुंबईपर्यंत गेले. ती बडनेऱ्याला गाडीत बसली, मी अकोल्याला चढले. तिच्या सामानात डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, सुंठ, जुन्या सुती लुगड्यांचे मऊ तुकडे आणि वेखंड. लाडू विमानात नेऊ देतील का, यावर आम्ही मनमाडपर्यंत वाद घातला. माझ्या फाइलमध्ये तिकिटाच्या चार प्रती होत्या. एक तिच्या पर्समध्ये, एक बॅगेत, एक तिच्या ब्लाउजमध्ये आणि एक माझ्याकडे.

विमानतळाच्या दारावरच्या जवानाने कागद हातात घेतला आणि जरा जास्त वेळ पाहिला. मी फाइलमधली चौथी प्रत काढून हातात धरली. मग त्याने मान हलवून तिला आत सोडलं. ती एकदाही मागे वळली नाही, बॅगांची गाडी ढकलण्यातच तिचं सगळं लक्ष होतं. माझी परतीची गाडी संध्याकाळी होती आणि दुपारचे बारा वाजले होते. पण मी तिथून हलले नाही. आत काउंटरवर कोणी म्हणेल, ही पॉइंटवाली सीट रद्द झाली, तर बाहेर कोणीतरी असायला हवं ना. मी खांबाला टेकून उभी राहिले. आत गेलेल्या आणि परत बाहेर आलेल्या माणसांवर नजर ठेवली. परत बाहेर आलेले तिघं होते. त्यांत ती नव्हती. दीड वाजता तिचा फोन आला.

"बसली मी."

"कुठी बसली? खुर्चीवर का विमानात?"

"विमानात वं. खिडकी नाही भेटली. बाजूले एक बुवा हाये, आत्तापासूनच झोपून राहिला. लाडू काढले नाही तपासणीवाल्याईनं."

विमान गेल्यावरही मी पाऊण तास थांबले. मग बस धरून स्टेशनवर आले.

भाचीला तारखेच्या आठ दिवस आधीच कळा सुरू झाल्या. ताईला तिथे पोचून तेव्हा चार दिवस झाले होते. मला हे कळलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकानात, ठिबकच्या नळ्यांच्या गुंडाळ्या मोजत असताना. फोनवर ताईचा आवाज बसलेला होता. मुलगी झाली, वजन चांगलं आहे, आई बरी आहे. जावयाला साइटवरून यायला तीन तास लागले. तोपर्यंत ताई एकटीच होती, आणि तिथल्या नर्सबाई तिला आत जाऊ देत नव्हत्या.

"मंग?"

"मंग काय? मी त्याईले मराठीत सांगितलं. त्या केरळच्या होत्या, पन समजलं त्याईले. गेली मी आत."

मी काही विचारणार, तर तीच पुढे बोलली.

"कळा येत होत्या तं काय हात दाबला वं पोट्टीनं माह्या! सोडेच ना. ही पाह्य, अजून बोटं वाकून नाही राहिले."

ती मला फोनवर बोटं दाखवत होती. मी पाहिली असं म्हटलं.